आबांची काळी-पिवळी

७ सप्टेंबर, रविवार

आबा परत चौक गावच्या नाक्यावर. मी सेकंड शिफ्टला निघालेलो, डबा हातात, आणि नाक्यावरच्या किराणावाल्याचा फोन. "बाळू, तुझा बापूस हितं उभा हाय, येऊन घेऊन जा." गेलो. जुन्या हायवेच्या कडेला, अर्धे डांबरावर, हात वर करून ओरडतायत, कर्जत, कर्जत, कर्जत. बनियन उलटं. एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून आईबहीण काढली. आबांनी त्याला हसून नमस्कार केला. ओळखीचा वाटला असेल.

घरी आणलं. शिफ्ट बुडाली.

ताईचा पनवेलहून फोन. हिला बातमी कोण पोचवतं देव जाणे. तिकडे एक केंद्र आहे म्हणे, विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळतात, गेटला कुलूप असतं. "दिवाळीला जागा होतेय बाळ्या. भाऊबीजेला येईन तेव्हा त्यांना घेऊनच जाईन." म्हटलं, बघू. म्हणाली, तुझं बघू म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे.

आबांना कुलपात ठेवायचं. ज्या माणसाने घराला कधी कडी लावली नाही त्याला.

रेखा तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. बायको भांडली तर बरं असतं.

१० सप्टेंबर, बुधवार

रेखाची अक्कल, माझी नाही. तिने आबांना पडवीतल्या मोटारीत नेऊन बसवलं. आबांनी सगळी उमर त्या काळ्या-पिवळी टॅक्सीवर चौक-कर्जत फेऱ्या मारल्या. परमिट संपलं तेव्हापासून पडवीत उभी आहे, टायर बसलेले, आत उंदरांचा संसार. आबा ड्रायव्हर सीटवर बसले, स्टेअरिंगवर हात ठेवला आणि गप्प. हायवे नाही, कर्जत नाही, काही नाही.

रेखा मागच्या सीटवर गवार मोडत बसली तर मान वळवून म्हणाले, "बस माये. अजून पाच सीट बाकी हायत."

पुढं दोन, मागं चार. सीट भरल्याशिवाय चौक-कर्जत गाडी हलत नसे, मग आत बसलेला कितीही बोंबलू दे. तेवढं डोक्यात शाबूत आहे. माझं नाव अधूनमधून जातं, आई गेल्याचं तर पार गेलंय, पण सहा सीट शाबूत. सीट भरत नाहीत म्हणून आबा हलत नाहीत. सकाळी बसले ते जेवायला उतरले, जेवून परत जाऊन बसले.

रेखाने किती महिन्यांनी निवांत केस धुतले. मला हे सांगताना तिला रडू आलं. केस धुतल्याचं सांगताना.

१५ सप्टेंबर, सोमवार

अविधवा नवमी. आईचं पितर. ताई, भावजी, त्यांची दोन पोरं आली. जेवणं झाली, पान ठेवलं, कावळा लगेच आला. आबा मोटारीत. ताई म्हणाली, चला रे, आबांना बरं वाटेल, सगळे बसू. भावजी पुढं, त्यांच्या शेजारी धाकटा. मागं ताई, थोरला, रेखा. शेवटी मी घुसलो. हसत होतो सगळे. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

आबांनी वळून मोजलं. दोन आणि चार.

"दारं लावा. निघू."

चावी फिरवली. काय होणार, बॅटरीच नाही. परत फिरवली. चोक ओढला, पाय मारला, परत फिरवली. पोरं आधी खिदळली, मग गप्प झाली. आबांच्या मानेवर घाम. ताई म्हणाली, आबा राहू द्या ओ. त्यांनी ऐकलं नाही. केवढा वेळ. मग उतरले, मागचं दार उघडलं आणि आमच्यासमोर हात जोडले. "माफी असावी. गाडी बंद हाय. दुसरी बघा."

मला, ताईला. पॅसेंजर म्हणून.

आणि डोळ्यांना धोतराचा सोगा लावून रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मोटारीत बसत नाहीत. "बंद हाय," म्हणतात, आणि मिस्त्री आणायला निघतात. कुठं, तर चौकला. म्हणजे परत हायवे. आज दोनदा आणले. रेखा त्यांच्यामागे अनवाणी धावत गेली, तळपायात काच.

आपणच घालवलं. जे एक औषध लागू पडलं होतं ते आपण हसतखेळत मोडून ठेवलं.

मोटार चालू केली पाहिजे. दुसरं काही सुचत नाही. मला पंक्चरसुद्धा काढता येत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सलीमभाईंना घेऊन आलो. चौकला हायवेवर त्यांचं डेंटिंग-वेल्डिंगचं दुकान, आबांचे जुने दोस्त. आबांना सलाम केला, आबांनी केला, ओळख पटली की नाही कळलं नाही. सलीमभाईंनी मोटारीतली चटई उचलली, फ्लोअरवर बोट दाबलं. बोट आरपार गेलं. खाली पडवीची जमीन दिसली.

"हे पाणी कुठनं आलं रं? छप्पर तर गळत नाय."

मला कळेना. मग कळलं. दसरा. आई दर दसऱ्याला मोटारीला अंघोळ घालायची. नळी लावून, आतूनसुद्धा, कळशी कळशी पाणी. मग हळदकुंकू, बॉनेटवर नारळ फोडायचा, ते पाणी फटीतून आत. आई गेल्यावर रेखाने चालू ठेवलं, सासूबाईंचा नेम म्हणून. चालणारी गाडी वाऱ्याने सुकते. ही अंघोळ करून वर्षभर तशीच ओली उभी. जिथं जिथं कुंकू लावलं तिथं तिथं भोक आहे.

सलीमभाई म्हणाले, "माणसाला पण अंघोळीनंतर पुसतात रं बाळू."

रेखा दारात उभी होती. आत निघून गेली.

सलीमभाईंकडं ट्रकांची लाइन लागलीय, त्यांना वेळ नाही. "तू सगळी खोल, गंज काढ, टेंपोत घालून आण. पत्रा मी मारतो. इंजिनाचं मात्र मला इचारू नको." म्हणजे इंजिन माझ्याच बोडक्यावर. मोबाइलवर बघून करायचं. त्यात सगळे हसत हसत करतात.

२१ सप्टेंबर, रविवार

सीटा काढल्या. खाली उंदरांची घरटी, एक लहान मुलाची चप्पल, बिड्यांची थोटकं. दारांची आतली कापडं काढली. चार बोल्ट निघाले, पाचवा तुटला. सहावा तुटला. सातव्याला हात लावायची हिंमत नाही.

इंजिन जाम. प्लग काढून भोकांत डिझेल ओतलंय, मुरत ठेवायचं म्हणे. पुढून हँडल घालून जोर लावला तर मोटारच सगळी हलली, इंजिन नाही. हँडल सटकून मनगटावर बसलं. सुजलंय. उद्या कंपनीत काय सांगू.

आबा ओट्यावर बसून बघत होते. जसं दुसऱ्याच्या घरचं लग्न बघतात.

२४ सप्टेंबर, बुधवार

घट बसले. पाऊस जायचं नाव घेत नाही. रविवारी पॉलिशपेपर मारून अर्धा फ्लोअर चांदीसारखा केला होता. आज बघतो तर परत नारिंगी. हवाच ओली. रात्रीतून गंज चढतो. मी दिवसा काढायचा, त्याने रात्री चढायचं. बसलो तिथंच खाली. शिव्या तरी कोणाला घालायच्या.

रेखा म्हणाली, "काढल्या काढल्या काहीतरी चोपडा ना वर. लोखंडी तवा आपण तेल लावूनच ठेवतो." एवढं साधं. आता जेवढं घासतो तेवढ्यावर लगेच रेड ऑक्साइडचा लाल रंग.

आबा आले, मोटारीभोवती एक फेरी मारली. आत सीटा नाहीत, दारं नाहीत.

"कोणाची रं ही?"

"आपली, आबा. तुमची."

"आमची काळी-पिवळी हाय." असं समजावून सांगितलं मला. आणि निघाले, फाटक उघडून, त्यांची बघायला.

२८ सप्टेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं.

आज खालापूरला सापडले. टोलनाक्याच्या अलीकडे. तिथवर कसे पोचले, कोणाच्या गाडीत बसले, माहीत नाही. पावसात भिजून चिंब, गुडघा फुटलेला. एका पोलिसाने त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरून फोन केला, चिठ्ठी रेखाने शिवली होती. सरकारी दवाखान्यात पट्टी केली. डॉक्टर पोरगेलासा होता, चांगला होता. म्हणाला, काका, यांना एकटं सोडू नका. मला काका म्हणाला.

घरी रेखाचा बांध फुटला. "तुमी त्या मोटारीखाली घुसता आन् मी त्यांच्यामागं रस्त्यावर. आठवडाभर घास गिळला नाय मी धड. मी पण माणूस हाय. ताईंना सांगा घेऊन जा म्हणून." मग म्हणाली, "तुमी सांगू नका. मी सांगते." आणि फोन केला नाही. फोन हातात धरून बसली.

सगळं मी वाईट केलंय. मोटार उभी होती तशी गंजकी राहिली असती तरी कधी ना कधी विसरून परत बसले असते त्यात. कालचं त्यांना आज आठवत नाही. बंद पडल्याचंही विसरलेच असते. मी खोलली आणि बसायला जागाच ठेवली नाही.

हे आधी का सुचलं नाही. आता सगळी तुकड्यांत आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. या वर्षी पाणी नाही. रेखाने स्टेअरिंगला झेंडूचा हार घातला, लांबूनच हात जोडले. म्हणाली, "सासूबाई, रागावू नका."

दुपारी सहज म्हणून हँडलला हात घातला. हललं. एवढंसं, बोटभर. परत जोर लावला, करकर वाजलं आणि अख्खा वेढा फिरला. मी ओरडलो. रेखा हातातली पुरणाची पळी घेऊन धावत आली, तिला वाटलं हात गेला. तिलाही फिरवू दिलं. दोघं तिथं उभे राहून वेड्यासारखे हँडल फिरवत होतो.

आबा झोपले होते. सोनं द्यायला गेलो तेव्हा हातावर घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मोठा हो," म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे.

५ ऑक्टोबर, रविवार

सांगाडा टेंपोत चढवून चौकला पोचवला. गावातली सहा माणसं लागली. प्रत्येकाचं मत वेगळं. एकजण म्हणाला, भंगारात दे, वर चहा पी. हसलो. हसायलाच लागतं.

सलीमभाई म्हणाले शनिवारी ये. विचारलं, कशी करू? म्हटलं, चकाचक करा.

ताईचा फोन. केंद्रवाल्यांना तिने हो सांगून टाकलंय. "तू भावनेत जातोस बाळ्या. त्या टोलनाक्यावर काही झालं असतं तर?" तिचं चूक नाही हेच तर खातंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

मोटार आली. फ्लोअर नवा, ठणठणीत. आणि वरून सगळी राखाडी. सलीमभाईंनी पोचे सगळे ठोकून काढले, पुट्टी भरली, प्रायमर मारला. मागच्या दाराचा मोठा पोचा, कर्जतच्या फाटकापाशी बैलगाडीचं जू लागलं होतं तो, तोही गेला. दोस्ताची गाडी म्हणून मनापासून केलंय त्यांनी. काय बोलणार. चकाचक करा कोण म्हणालं होतं.

सीटा बसवल्या, दारं लावली, आबांना हाताला धरून आणलं. म्हटलं, बसा आबा, सीट भरायच्यात.

त्यांनी मोटार बघितली. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. दोन पावलं मागं सरले आणि सलाम केला.

"साहेब, फार्महाउसवाले काय? हितं गाडी लावू नका. ही आमच्या काळ्या-पिवळीची जागा हाय."

साहेब.

मी पडवीच्या मागं जाऊन बसलो. रेखा आली, शेजारी बसली. मग म्हणाली, चहा टाकते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रजा टाकली. काळा आणि पिवळा ऑइलपेंट आणला, ब्रशनेच मारला. ओघळ आलेत, केस चिकटलेत. खाली काळी, टप पिवळा. लांबून तरी तशीच दिसते. रेखाने नंबरची अक्षरं काढली, तिचं अक्षर चांगलं आहे.

आबांनी विचारलं, "कोणाची रं ही?"

विचारतात तरी. म्हटलं, माझी. "बरी हाय," म्हणाले.

संध्याकाळी सलीमभाई रंग बघायला आले होते. मला एका बाजूला घेऊन म्हणाले, मी पोचे काढायला नको होते का रं? म्हटलं, तुमचा काय दोष. खरंच नाही. ते तसेच उभे राहिले थोडा वेळ, हातातली चावी फिरवत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पेट्रोलची टाकी काढली. ओतली तर गंजाचा चिखल. मोबाइलवर बघितलेलं केलं, आत मूठमूठ खडी घातली, पाणी घातलं आणि हलवत बसलो. मी एका बाजूने, रेखा दुसऱ्या बाजूने, चादर पिळतात तसं. हात भरून आले. पाणी ओतलं की लाल. परत खडी, परत पाणी, परत लाल. शेवटी टाकीलाच भोक पडलं.

ठेवून दिली. रेखा म्हणाली, "सलाइनसारखं वरून पेट्रोल दिलं तर?" दवाखान्यात आईपाशी बसून बसून हिला सगळं सलाइनच दिसतं. पण चालेल. मोबाइलवाले पण बाटली लटकवूनच करतात.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. रेखाने आबांची पिशवी भरली. दोन धोतरं, बनियनं, मफलर, गोळ्या, आईचा फोटो. खुंटीला लावून ठेवली.

मी ओरडलो तिच्यावर. दिवाळीत, शेजारपाजार ऐकतंय, तरी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "भरून ठेवली म्हंजे पाठवली असं नाय. पन ताई आल्या आन् पिशवी भरायला लागली तर मला ते सोसायचं नाय त्या वेळी."

माफी मागायला हवी होती. उटणं वाटत बसलो.

२० ऑक्टोबर, सोमवार

चालू झाली.

पहाटेची अंघोळ, फराळ, आणि लगेच तिच्यापाशी. टेंपोवाल्या शेजाऱ्याची बॅटरी. पॉइंट घासले, प्लग घासले, बॉनेटच्या कडीला पेट्रोलची बाटली टांगली. रेखा चावीवर, मी हँडलवर. फट् झालं. परत फट्. मग एकदम धुराचा लोट आणि भडभडभड आवाज, पडवीतली कोंबडी फाटकाबाहेर. बंद पडली. परत मारली. या वेळी राहिली. थरथरत, खोकत, पण राहिली. रेखा आतून ओरडत होती, काय करू, काय करू. म्हटलं, काही करू नको, बस.

आबा बाहेर आले. काठी न घेता.

मोटारीपाशी आले, टपावर तळहात ठेवला, उभे राहिले. वाटलं, आता ड्रायव्हरचं दार उघडतील. रेखा उतरून बाजूला झाली.

आबांनी मागचं दार उघडलं. खिडकीपाशी बसले. मांडीवर हात.

"कर्जतला जाते का?"

मी म्हटलं, जाते.

"सीट भरू दे. मला घाई नाय."

पेट्रोल संपून बंद पडली तरी बसून राहिले. दुपारी जेवायला बोलावलं तर म्हणाले, गाडी सुटंल. रेखाने ताट तिथंच दिलं. मला आनंद व्हायला हवा ना. बसले ना परत, हायवेला गेले नाहीत. पण आबा मागं बसलेत. त्यांच्या मोटारीत कुणीतरी दुसराच ड्रायव्हर आहे, आणि तो मी आहे, आणि त्यांना तो कोण ते माहीत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. टायरांत हवा भरून आणली, ब्रेकची वॉशरं घातली, तेल घातलं. रेखा आत बसून पाय दाबते, मी खाली पडून तेलातले बुडबुडे काढतो. दाब. सोड. दाब. सोड. चौथ्या चाकाचं काम पुरं होईस्तो दिवे लावायची वेळ झाली. गल्लीत दहा पावलं पुढं, दहा मागं. थांबते. आबा आतच बसलेले. "रस्ता खराब हाय," म्हणाले.

परवा भाऊबीज. ताईला चालवून दाखवायची. आबा मोटारीत बसतात, शांत असतात, रोज एक फेरी मारून आणीन, शिफ्ट बदलून घेईन. मग काय बोलेल ती. सगळं डोक्यात तयार आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. रेखाने ओवाळलं. म्हटलं, चौकपर्यंत जाऊन येतो. कागदपत्रं नाहीत, विमा नाही. मला तेवढंच करून बघायचं होतं. आबा मागं खिडकीत. रेखा फराळाच्या मागं, आली नाही.

निघाली. दुसऱ्या गिअरमध्येच, पण निघाली. वाऱ्याने आबांच्या मफलरचं टोक उडत होतं, आरशात दिसायचं. मी गाणं म्हणत होतो, खोटं कशाला लिहू. रस्त्यावरची माणसं हात करत होती. एकजण सायकल थांबवून बघत राहिला. वाटलं, जिंकलं. किती दिवसांत पहिल्यांदा वाटलं.

चौक नाक्यावर वळवायला थांबवली तर आबांनी दार उघडलं. उतरले. मी इंजिन बंद करायला घाबरलो, परत चालू होईल न होईल. म्हटलं, आबा, बसा आत. ते ऐकतायत कुठं. मोटारीपुढं उभे राहिले, हात वर केला. कर्जत, कर्जत, कर्जत.

माझ्या मोटारीसाठी.

आणि माणसं आली. दोन बायका दिवाळीच्या पिशव्या घेऊन, त्यांच्यातली एक म्हणाली, "अगं बाय, आबांची गाडी चालू झाली." ती म्हणाली आबांची. तिने ओळखली. मागनं एक नवराबायको. एक म्हातारा. एक कॉलेजातली पोरगी. मी नाही नाही म्हणतोय, ही धंद्याची नाही ओ, कोणी ऐकत नाही, हसत हसत बसतायत. आबा एकेकाला दार उघडून देतायत, सरका जरा, पिशवी मांडीवर घ्या. चेहरा असा की मी दहा वर्षांत बघितला नव्हता. सरळ उभे. आवाज खणखणीत.

सहा झाले. आबांना जागा उरली नाही.

त्यांनी शेवटचं दार लावलं, लागलंय ना ते ओढून बघितलं. खिडकीतून मला म्हणाले, "संभाळून जा रं पोरा." आणि टपावर दोनदा थाप मारली.

पाय आपोआप क्लचवरून उठला. मागून बस हॉर्न देत होती. मोटार पुढं सरकली आणि मी आरशात बघितलं तर आबा हायवेच्या कडेला, पाठ वळवलेली, पुढच्या गाडीसाठी हात वर. अर्धे डांबरावर.

वळण यायच्या आत थांबवली. लोकांना उतरवलं, काय बोललो आठवत नाही, ती पोरगी घाबरली असावी. धावत मागं आलो. आबांनी मला बघितलं आणि हसले. "काय झालं? बंद पडली?"

म्हटलं, हो. बंद पडली. तुम्ही या जरा बघायला.

आले लगेच. बंद पडली म्हटल्यावर येणारच.

रेखाला सगळं सांगितलं. पोरा म्हणाले ते सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्यांनाच म्हनायचे ते पोरा." मग म्हणाली, "तुमाला म्हनाले असतील."

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. हे मोटारीत बसून लिहितोय, ड्रायव्हर सीटवर. अंगणात उभी आहे, इंजिन बंद. आबा सकाळपासून मागं. नवं धोतर नेसवलंय रेखाने, दाढी मी केली.

मघाशी विचारलं, "पनवेलला जाते का ही?"

कोणी सांगितलं यांना पनवेल? आम्ही भिंतीआड बोलतो, ऐकत असतील. म्हटलं, नाही आबा. पनवेलला जात नाही. फक्त कर्जत.

"बरं," म्हणाले.

काल रात्रभर तेच डोळ्यांसमोर. नाक्यावर असताना त्यांच्याएवढा सुखी माणूस मी पाहिला नाही, आणि तिथंच एखादा ट्रक त्यांना उडवणार. ताईला चालवून दाखवायचं म्हणत होतो. काय दाखवू. कुलपात ठेवलं तर जगतील. इथं ठेवलं तर रेखा किती जगेल, हेही मनात येतं, आणि ते कुणापाशी बोलायची चोरी. पाच आठवडे गंज काढला, तेव्हा वाटत होतं मोटार चालू झाली की यातलं काही ठरवावं लागणार नाही.

फाटकाबाहेर हॉर्न. ताई आली. भावजी गाडी वळवतायत. ताईच्या हातात ओवाळणीचं ताट झाकलेलं दिसतंय, डोळे सुजलेले. तिलाही झोप नसेल.

रेखा खुंटीवरची पिशवी घेऊन आलीय. माझ्या खिडकीपाशी उभी आहे. विचारते, "ही कुठं ठेवू? मोटारीत की ताईंच्या गाडीत?"